भुयाराच्या दारातली धाकधूक

वडाळ्याच्या भारतीय क्रीडा मंदिरात कबड्डीचा सामना पाहायला बसले, की एक दृश्य हमखास नजरेस पडते. संघात नव्याने आलेला एखादा पोरगेला गडी आयुष्यातल्या पहिल्या मोठ्या चढाईसाठी मध्यरेषा ओलांडतो. समोर सात जण साखळी करून उभे. मागे आपले सहा जण, कडेला प्रशिक्षक आणि भोवती प्रेक्षक. उणीपुरी तीस सेकंदांची ती चढाई. पण पोराचे पाय रेषेपाशीच जड होतात. समोरच्या पकडीपेक्षा मागच्या सहा जणांचे डोळे त्याला अधिक बोचत असतात. 'आपल्यामुळे संघ हरला तर?' हा एकच प्रश्न त्याच्या मनात घोळत असतो.

त्याच वडाळ्यात, रात्रीची जेवणे आटोपल्यावर, एखाद्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर महाविद्यालयात जाणारा एक मुलगा संगणकापुढे बसलेला असतो. पडद्यावर एक बटण लुकलुकते आहे. ते दाबले, की जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातले तीन-चार अनोळखी खेळाडू त्याच्याबरोबर एका अंधाऱ्या भुयारात उतरणार आहेत. एकट्याने खेळताना त्याने शेकडो राक्षस लोळवलेले आहेत. तरीही हे बटण दाबायला बोट धजावत नाही. 'आज नको, उद्या बघू' असे म्हणत तो पुन्हा एकट्याच्याच मोहिमेवर निघून जातो. असे आठवडेच्या आठवडे जातात.

वडीलधाऱ्यांना यात हसण्यासारखे काही वाटेल. खेळच तो, त्यात भ्यायचे काय? पण क्रीडा मंदिरातल्या त्या गड्याची धाकधूक आणि या मुलाची धाकधूक एकाच जातीची आहे. आणि तिच्यावरचा उतारही एकच आहे.

तीन भूमिका, एक गट

आधी हा खेळ समजून घेऊ. असंख्य लोकांनी एकाच वेळी इंटरनेटवरून खेळायच्या भूमिकाप्रधान खेळांत 'डंजन' नावाचा एक प्रकार असतो. शब्दाचा मूळ अर्थ तळघर किंवा अंधारकोठडी. खेळात मात्र भुयार, पडका किल्ला, जुने देऊळ, बुडालेले जहाज असे काहीही डंजन असू शकते. ठरावीक संख्येच्या गटाने आत शिरायचे, वाटेतले शत्रू मारायचे आणि टप्प्याटप्प्यावर बसलेल्या 'बॉस'ला, म्हणजे बड्या राक्षसाला हरवून बाहेर पडायचे.

या कल्पनेचे मूळ १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावर बसून खेळायच्या खेळात आहे. १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी संगणकाच्या जाळ्यावर अनेकांना एकत्र खेळता येईल असा निव्वळ शब्दांचा खेळ रचला. पुढे १९९९ मध्ये 'एव्हरक्वेस्ट' आणि २००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आले आणि गटाने भुयारात उतरणे हा लाखो लोकांचा छंद झाला.

अशा गटात कामाची वाटणी ठरलेली असते. एक 'टँक'. हा गटाची ढाल. शत्रूचे लक्ष स्वतःकडे ओढून घेणे आणि घाव झेलणे हे त्याचे काम. दुसरा 'हीलर'. हा गटाचा वैद्य. जखमा भरून काढणारा. तिसरी भूमिका 'डॅमेज डीलर'ची. आपण त्याला 'माऱ्याचा गडी' म्हणू. शत्रूवर सतत मारा करून त्याचे बळ शून्यावर आणणे ही त्याची जबाबदारी. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या पाच जणांच्या गटात एक ढाल, एक वैद्य आणि तीन माऱ्याचे गडी असतात. 'फायनल फँटसी फोर्टीन' आणि 'एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन' या खेळांत गट चौघांचा. त्यात माऱ्याचे गडी दोन.

नवखे खेळाडू बहुधा माऱ्याचीच भूमिका निवडतात. ढालीने चूक केली तर सारा गट कोसळतो आणि वैद्य चुकला तरीही तेच. मारणाऱ्याच्या चुकीवर मात्र पांघरूण घालायला आणखी एखादा गडी असतो. म्हणून ही भूमिका सोपी मानली जाते. मग भीती तिथेच का वाटावी?

आकडा शेजारी शेजारी

याचे कारण तुलनेत आहे. गटात ढाल एकच आणि वैद्यही एकच. त्यांना मोजायला शेजारी दुसरा कुणी नसतो. माऱ्याचे गडी मात्र दोन किंवा तीन असतात, आणि त्यांचे काम आकड्यात मोजता येते. दर सेकंदाला शत्रूचे किती बळ घटवले, या आकड्याला 'डीपीएस' म्हणतात. इतका, की खुद्द या भूमिकेलाच खेळाडू 'डीपीएस' म्हणू लागले. वॉरक्राफ्टमध्ये खेळाडूंनीच बनवलेल्या 'रिकाउंट', 'डिटेल्स' यांसारख्या जोड-प्रणालींनी हे आकडे उतरत्या क्रमाने पडद्याच्या कोपऱ्यात आणून ठेवले. वर कोण, खाली कोण, हे सर्वांना दिसू लागले.

दहावीच्या निकालाच्या दिवशी शेजारच्या बिऱ्हाडातल्या मुलाचे टक्के ऐकून ज्याचा चेहरा उतरला आहे, त्याला ही भावना समजावून सांगावी लागणार नाही. आपल्याकडे आकडा हा मोजमाप न राहता माणसाची किंमतच ठरतो. तीच सवय आपण खेळातही घेऊन जातो. त्यात आणखी एक भर. माऱ्याचे गडी संख्येने भरपूर आणि ढाली-वैद्य तुटपुंजे. त्यामुळे गट जमण्यासाठी माऱ्याच्या गड्यालाच अधिक ताटकळावे लागते. दहा-पंधरा मिनिटे वाट पाहून मिळालेली संधी वाया गेली, तर अपयश अधिक जड वाटते.

सर्वच खेळांनी हा आकडा मान्य केलेला नाही, हेही सांगायला हवे. 'फायनल फँटसी फोर्टीन'च्या नियमांत अशी बाहेरची साधने वापरण्यास बंदी आहे. या खेळात नवख्याच्या नावापुढे कोंबाचे हिरवे चिन्ह दिसते. गटातल्या कुणाची एखाद्या डंजनमधली ती पहिलीच खेप असेल, तर बाकीच्यांना जादा बक्षीस मिळते. म्हणजे ज्याला वाटते आहे, की मी इतरांवर ओझे आहे, त्याच्या येण्याने इतरांचा प्रत्यक्षात फायदाच होत असतो! ही साधी गोष्ट कित्येक नवख्यांना ठाऊकच नसते.

आधी तगा, मग मारा

मग चांगला माऱ्याचा गडी कसा ओळखायचा? मोठे घाव घालणारा तो चांगला, असे वरवर वाटते. थोडे गणित करून पाहू.

समजा, एका बॉसशी झुंज तीन मिनिटे चालते. एक गडी जोरकस आहे, पण पहिल्याच मिनिटाअखेर जमिनीवर उमटलेल्या लाल वर्तुळात उभा राहिला आणि गारद झाला. उरलेली दोन मिनिटे त्याचा मारा शून्य. दुसरा गडी त्याच्या निम्म्या जोराचा; पण तो शेवटपर्यंत उभा राहिला. पहिल्याने एका मिनिटाचा पूर्ण मारा केला आणि दुसऱ्याने तीन मिनिटांचा अर्धा, म्हणजे दीड मिनिटाइतका. निम्म्या जोराचा गडी दीडपट काम करून गेला. शिवाय पहिल्याला जिवंत करण्यात वैद्याचा वेळ आणि शक्ती खर्च झाली, ती वेगळीच.

कबड्डीत नेमके हेच शिकवतात. चढाई करणाऱ्याने निदान रेषा ओलांडून सुखरूप परत येणे ही पहिली पायरी. गुण मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तरी गडी बाद झालेला नाही आणि पुढच्या चढाईला तो हजर आहे. पहिल्याच दमात तीन गडी टिपायला निघालेला पोरगा बहुधा कोपऱ्यातल्या गड्याच्या पकडीत सापडतो.

म्हणून पहिल्या काही खेपांत नवख्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : मी शेवटपर्यंत उभा होतो का? या प्रश्नाचे उत्तर आकड्यांच्या तक्त्यात नसते. ते स्वतःपुरते असते आणि म्हणूनच ते हिंमत देते. जमिनीवर रंगीत खूण उमटली की मारा सोडून आधी बाजूला व्हायचे. बॉस तोंड वळवून मोठा घाव घालण्याच्या तयारीत दिसला, की त्याच्यासमोरून हटायचे. आणि ढालीच्या पुढे कधीही धावायचे नाही. शत्रूचे लक्ष ढालीवर जडले, की मगच मारा सुरू करायचा.

या शेवटच्या नियमाचे एक गमतीदार उदाहरण जगभर गाजले. २००५ साली 'लीरॉय जेन्किन्स' नावाच्या पात्राचे एक चित्रण इंटरनेटवर पसरले. गट गंभीरपणे डावपेच ठरवत आहे, आणि हा पठ्ठ्या स्वतःच्या नावाची आरोळी ठोकत एकटाच शत्रूंच्या गराड्यात घुसतो. क्षणार्धात सगळा गट आडवा! हे चित्रण ठरवून केलेले होते, हे पुढे उघड झाले. पण खेळाडूंनी ते इतके आपलेसे केले, की खेळ बनवणाऱ्या कंपनीने त्या नावाला खेळातही स्थान दिले. भुयारात सगळा गट कोसळणे ही नामुष्की नसून रोजची घटना आहे, हे कळायला तेवढे एक उदाहरण पुरे.

हात थांबू नये

तगणे जमले, की दुसरी पायरी तालाची. अशा खेळांत एक घाव घातल्यावर पुढचा घाव घालण्यापूर्वी ठरावीक वेळ थांबावे लागते. 'फायनल फँटसी फोर्टीन'मध्ये हा अवधी साधारण अडीच सेकंदांचा, तर वॉरक्राफ्टमध्ये दीड सेकंदाच्या आसपास असतो. तीन मिनिटांत अडीच-अडीच सेकंदांचे घाव मोजले, तर ते ७२ होतात. आता दर घावानंतर 'पुढे कोणते बटण?' या विचारात केवळ अर्धा सेकंद गेला असे धरा. घाव उरतात ६०. बारा घाव नुसत्या घुटमळण्यात गेले. एकूण माऱ्याचा सहावा हिस्सा!

यावरून एक व्यवहारी धडा निघतो. सर्वोत्तम घाव कोणता, याचा काथ्याकूट करत थांबण्यापेक्षा दुय्यम घाव वेळेवर घातलेला बरा. नवख्याने वीस-पंचवीस बटणांची फौज पहिल्याच दिवशी हाताळायला जाऊ नये. एकाच शत्रूवर मारायचे तीन-चार मुख्य घाव, घोळक्यावर मारायचे एक-दोन आणि स्वतःला वाचवणारे एक, एवढ्यावर पहिले डंजन सहज पार पडते. घावांचा हा क्रम पाठ करायचा नसतो, तो हाताला लावायचा असतो. तबल्याचा विद्यार्थी कायदा घोकतो, तसा. त्यासाठी वॉरक्राफ्टच्या राजधानीच्या शहरांत सरावाचे पुतळे उभे असतात. 'एल्डर स्क्रोल्स'मध्ये असा पुतळा स्वतःच्या खेळातल्या घरीच ठेवता येतो. रोज दहा मिनिटे त्या पुतळ्यापुढे काढली, की बोटे विचारल्याशिवाय चालू लागतात. मग डोळे बटणांवरून उठतात आणि जमिनीवरच्या खुणा दिसू लागतात. तगण्याची आणि मारण्याची सांगड बसते ती इथे.

मुंबईतून खेळताना

आपल्याकडच्या खेळाडूंची एक अडचण वेगळी आहे. 'फायनल फँटसी फोर्टीन'ची सर्व्हर केंद्रे जपान, उत्तर अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियाकडच्या विभागात आहेत, भारतात नाहीत. मुंबईपासून जर्मनीतले फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे जाण्यायेण्याच्या तेरा हजार किलोमीटरला, काहीही अडथळा नसला तरी, ६५ मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात तार सरळ रेषेत जात नाही आणि वाटेत अनेक थांबे असतात. त्यामुळे हा अवधी शंभर मिलिसेकंदांच्या पुढे जातो. पावसाळ्यात जोडणी डळमळली, की त्यात आणखी भर.

एवढ्याने नवखा समजतो, की आपण उशिराच पोहोचणार. पण त्यावर उपाय खेळातच असतो. आधीचा घाव पुरा होण्याच्या किंचित अगोदर पुढचे बटण दाबले, तर खेळ ते रांगेत ठेवतो आणि वेळ होताच अमलात आणतो. बटण लुकलुकण्याची वाट पाहत बसायचे नाही. थोडे आधीच दाबायचे. जमिनीवरच्या खुणांतून मात्र इतरांपेक्षा अर्धे पाऊल आधी बाहेर पडायचे, कारण सर्व्हरला आपण अजून आतच उभे दिसत असतो. काही वेळा आपण बाहेर पडलो असे वाटूनही घाव बसतो. त्यात आपल्या कौशल्याचा दोष नसतो. तो समुद्राच्या तळाशी पडलेल्या तारेच्या लांबीचा असतो.

विश्वास येतो कुठून?

'आधी आत्मविश्वास येऊ दे, मग गटात जाईन,' असे बहुतेक जण म्हणतात. इथेच सारे गणित उलटे होते. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका महत्त्वाच्या लेखात, 'हे काम मला जमेल' हा विश्वास माणसात कुठून येतो, याची मांडणी केली. त्याने चार उगम सांगितले. पहिला आणि सर्वांत बळकट उगम म्हणजे स्वतः काम करून मिळालेले यश. दुसरा, आपल्यासारख्याच कुणाला तरी ते जमलेले पाहणे. तिसरा, दुसऱ्याने दिलेला धीर. आणि चौथा, आपल्या शरीराची अवस्था. छातीत धडधडते आहे की श्वास शांत आहे, यावरून मन आपल्या कुवतीचा अंदाज बांधते.

हे चारही उगम भुयाराच्या दाराशी उपलब्ध आहेत. पहिल्यासाठी अलीकडच्या खेळांनी सोयच केली आहे. 'फायनल फँटसी फोर्टीन'मध्ये २०२२ पासून सुरुवातीच्या कथेतली अनेक डंजन्स संगणकाने चालवलेल्या सोबत्यांबरोबर खेळता येऊ लागली. वॉरक्राफ्टनेही २०२४ च्या आरंभी तशीच सोय आणली. हे सोबती रागावत नाहीत, घाई करत नाहीत आणि आकडे मोजत नाहीत. एकच डंजन त्यांच्याबरोबर तीनदा पार केले, की वाट, वळणे आणि बॉसच्या खोडी ओळखीच्या होतात. मग माणसांच्या गटाबरोबर त्याच डंजनमध्ये जावे. ओळखीच्या घरात पाहुण्यांसह शिरल्यासारखे वाटते.

दुसऱ्या उगमासाठी त्या डंजनचे एखादे चित्रण पाहावे. पण जगज्जेत्याचे नव्हे, साध्या खेळाडूचे. विक्रमवीराला पाहून धीर येण्याऐवजी खचतो. तिसऱ्यासाठी आत शिरताच एक ओळ लिहावी, 'मी इथे पहिल्यांदाच येत आहे'. एवढ्या एका ओळीने अपेक्षा जागेवर येतात. बरेचदा कुणीतरी पुढच्या बॉसची खोड आधीच सांगून ठेवतो. ओळखीचे दोन मित्र बरोबर असतील, तर त्याहून चांगले. पाचांपैकी तिघे आपलेच झाले, की परकेपण उरतच नाही. आणि चौथ्यासाठी, डंजनपूर्वी पुतळ्यापुढे दोन मिनिटे हात मोकळे करावेत, एक घोट पाणी प्यावे. बॉससमोर गट थांबतो तेव्हा एक दीर्घ श्वास घ्यावा. धडधड थांबली नाही तरी चालेल. ती हरण्याची खूण नसून शरीर तयार होत असल्याची खूण आहे.

बोलणी बसली तर?

कधीतरी कुणी खेकसणार, हे गृहीत धरावे. 'तुझा मारा कमी आहे' असे कुणी लिहिले, तर त्यात सूचना किती आणि शिवी किती, हे वेगळे करावे. सूचना असेल, तर 'काय बदलू?' असे विचारावे, सांगणारे सांगतात. नुसती शिवी असेल, तर त्या खेळाडूचा आवाज बंद करायची सोय प्रत्येक खेळात असते. ती निःसंकोच वापरावी. गटाने मत देऊन बाहेर काढले, तरी खेळ संपत नाही. वीस मिनिटांनी दुसरा गट मिळतो आणि त्यातल्या कुणालाही आधीच्या गटाची गंधवार्ता नसते. अंगणातल्या खेळात जी सवलत नाही, ती इथे आहे. चाळीत किंवा कॉलनीत झालेली फजिती वर्षभर चघळली जाते. इथल्या फजितीला वीस मिनिटांचे आयुष्य.

मात्र रागाच्या किंवा शरमेच्या भरात मध्येच गट सोडून जाऊ नये. मन त्या क्षणी सुटते, पण पुढच्या वेळी दार अधिक जड होते. पडत-धडपडत का होईना, शेवटच्या बॉसपर्यंत जावे. पुरे केलेले एक वाईट डंजन हे सोडलेल्या दहा चांगल्यांपेक्षा अधिक शिकवते. आणि दोन-तीन खेपांनंतर उठावे. रात्री दोनपर्यंत जागून आलेला कौशल्याचा भास सकाळी सातच्या हार्बर गाडीत उतरतो.

क्रीडा मंदिरातला तो पोरगेला गडी पहिल्या चढाईत बहुधा रिकाम्या हाताने परत येतो. प्रेक्षकांत कुणी हसत असेल, कुणी उसासा टाकत असेल. प्रशिक्षकाचे लक्ष मात्र तिकडे नसते. पोराने निदान रेषा ओलांडली का आणि श्वास पुरवून घरच्या अंगणात परतला का, एवढेच तो पाहतो. कारण दुसऱ्या चढाईला निघालेला गडी पहिल्या वेळचा राहिलेला नसतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलानेही आज एवढेच पाहावे. मारा किती झाला, हे मोजायला पुढे पुष्कळ रात्री आहेत. आज फक्त ते बटण दाबायचे, आत जायचे आणि शेवटपर्यंत उभे राहायचे.